आवाजाला चेहरा होता, ती दहा वर्षं

डिसेंबरात पुण्याला मोठ्या भाचीचं लग्न झालं. आदल्या रात्री संगीत होतं. डीजेने ‘कजरा रे’ लावलं आणि अख्खा हॉल उठला, मुलाकडच्या दोन आज्यासुद्धा. नाचता नाचता मी धाकट्या भाचीला विचारलं, “गाणं कुणाचं गं हे?” तिने नवलाने माझ्याकडे पाहिलं. “मावशी, ऐश्वर्याचं! एवढंही माहीत नाही?”

मी जागेवर येऊन बसले. पाय दुखत नव्हते, मन दुखलं होतं. ‘मेड इन इंडिया’ आलं ते १९९५ साली, म्हणजे त्याला तीस वर्षं झाली. ज्या बाईने ते गाऊन आम्हा मुलींना वेड लावलं होतं, तिचाच आवाज त्या हॉलमध्ये घुमत होता आणि तिचं नाव तिथे कुणाच्या ओठांवर नव्हतं. अलिशा चिनॉय. त्या रात्री मला वाटलं, आपण जगलेल्या एका दशकाची आठवणही आता कुणी ठेवली नाही. म्हणून हा मागोवा.

आधीची वर्षं मी झरझर ओलांडते, कारण त्यांत तिचं स्वतःचं असं फार थोडं आहे. मूळची अहमदाबादची ही मुलगी, खरं नाव सुजाता. बप्पी लाहिरींनी तिला पुढे आणलं. १९८५च्या ‘टारझन’मध्ये ती किमी काटकरसाठी गायली, १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’त किशोरकुमारांबरोबर श्रीदेवीसाठी. पडद्यावरची निळी साडी, पाऊस, पंखा सगळ्यांना आठवतो. त्या गाण्यातला श्वास कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. स्वतःचे अल्बमही ती काढत होती. त्यांतला एक तर मॅडोनाच्या गाण्यांच्या हिंदी रूपांचाच होता, आणि वर्तमानपत्रांनी तिला ‘भारताची मॅडोना’ ठरवून टाकलं. उसन्या गाण्यांवरून दिलेलं ते उसनं नाव मला कधीच आवडलं नाही. १९९४ साली ‘खुद्दार’मधलं करिश्मा कपूरवरचं गाणं गाजलं. त्यातल्या एका शब्दावरून गदारोळ झाला आणि त्या जागी ‘बेबी’ आलं. शब्द बदलला, तरी गायिका पडद्यामागेच राहिली.

हे पडद्यामागे राहणं आपल्याकडे किती जुनं आहे, हे मला आमच्या घरातच कळलं होतं. माझ्या वडिलांना सुलोचना चव्हाणांच्या लावण्या जीव की प्राण. रविवारी सकाळी टेपवर बाईंचा ठसका सुरू झाला की ते दाढी करता करता थांबायचे. आणि दर वेळी एकच कौतुक करायचे: “बाई बघ, दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन गाते.” सुलोचनाबाई थोरच होत्या. त्यांच्या एका ‘हं’मध्ये जो नखरा होता तो दुसऱ्या कुणाला साधला नाही. पण मला तेव्हापासून टोचायचं की आपण त्या नखऱ्याला दाद द्यायचो आणि बाईंना मात्र पदरासाठी नावाजायचो. नखरा पडद्यावरच्या नटीचा, अब्रू गाणारीची, अशी वाटणी आपण किती सहज केली होती! यमुनाबाई वाईकर बैठकीत बसून स्वतः गायच्या, गाता गाता स्वतःच अदा करायच्या. गळा, डोळे आणि हात एकाच बाईचे. पण ती लावणी दिवाणखान्यात आणि फडावर राहिली. मध्यमवर्गाच्या टेपवर आला तो फक्त आवाज.

सिनेमाने हीच वाटणी देशभर केली. रात्री बाहेर पडणारी, नाचणारी, कुणाची परवानगी न मागणारी मुलगी सिनेमात शेवटच्या रिळापर्यंत एक तर सुधारायची, नाही तर मरायची. तिच्यासाठी गाणारी आणखी मागे, अंधाऱ्या स्टुडिओत. १९८० साली पाकिस्तानच्या नाझिया हसनने ‘कुर्बानी’त झीनत अमानसाठी गायलं तेव्हा ती शाळकरी वयाची होती. पुढच्या वर्षी बिद्दूने तिचा ‘डिस्को दीवाने’ काढला आणि गाणारी मुलगी स्वतःच कॅसेटच्या वेष्टनावर आली. पण ती एकटी होती. तिच्यामागून रांग लागायला दूरदर्शनचा एकछत्री अंमल संपावा लागला.

मग १९९५ उजाडलं, आणि इथे मला थांबायचं आहे.

मी अकरावीत होते. आमच्या जिल्ह्याच्या गावात केबल नुकतीच गल्लोगल्ली पोचली होती. चॅनेल व्ही सुरू होऊन वर्ष झालं असेल. दुपारी कॉलेजातून आल्यावर आई झोपलेली असायची आणि मी आवाज अगदी बारीक करून टीव्हीसमोर बसायचे. अशाच एका दुपारी ते गाणं लागलं. बिद्दूचं संगीत, केन घोषचं दिग्दर्शन. दरबार भरलेला, सिंहासनावर राणी बसलेली. तिला दाखवायला एकेक पुरुष आणले जातायत आणि तिला कुणी पसंत पडत नाही. शेवटी एक लाकडी पेटी येते, ती उघडते आणि आतून मिलिंद सोमण बाहेर येतो. राणी त्याला निवडते. राणी झालेली ती बाई आणि गाणारी बाई एकच आहे, हे कळल्यावर माझ्या अंगावर काटा आला होता. स्वयंवराच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकल्या होत्या, पण त्यांत पण वडिलांचा असायचा. इथे वडील नव्हतेच. निवडणारी एकटी ती, आणि पुरुष पेटीतून आलेला, एक शब्दही न बोलणारा.

आणि तो आवाज! आमचे कान लताबाईंच्या उंच, निर्मळ पट्टीने घडलेले. अलिशा खाली गाते. आवाज किंचित जाडसर, शब्दाच्या टोकाला श्वास सोडणारा. ती ओळ ठासून संपवत नाही, हसत हसत सोडून देते. मुरक्या जवळजवळ नाहीतच. बिद्दू मूळचा बंगळुरूचा, लंडनला गेलेला. १९७४ साली ‘कुंग फू फायटिंग’ने जग नाचवणारा निर्माता. त्याने खाली सरळ चार मात्रांचा ठेका ठेवला आणि वर देशी वळणाची, कुणालाही गुणगुणता येईल अशी चाल. तिला गाता येत नाही, नुसती कुजबुजते, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यांना मी आज सांगते: तसं कुजबुजून पाहा. खालच्या पट्टीत, ठेका न सोडता, सुरावरून न घसरता, लाडिक न होता. अवखळपणा आणि लाडिकपणा यांत अंतर असतं, आणि ते राखायला फार मोठी समज लागते.

आमच्या घरी मात्र ‘धांगडधिंगा’ या एका शब्दात निकाल लागला. गंमत वाटावी तर वाटेना, कारण त्याच व्हिडिओतल्या मिलिंद सोमणबद्दल नातेवाइकांत केवढा अभिमान! शिवाजी पार्कचा मुलगा, पोहण्यातला राष्ट्रीय विजेता, आपला सोमणांचा मुलगा. तो उघड्या अंगाने पेटीतून आला तरी ‘आपला’, आणि अंगभर नटलेली राणी ‘ती बाई’. त्याच वर्षी बुटांच्या एका जाहिरातीत त्याच्याबरोबर मधू सप्रे होती. दोघं विवस्त्र, अंगावर अजगर. खटला दोघांवर झाला आणि वर्षानुवर्षं चालला, पण आमच्या आळीत तोंडसुख घेतलं गेलं ते मधूवर. ती आमच्यासारखीच मराठी घरातली मुलगी होती, त्याचा कुणी अभिमान धरला नाही.

त्या डिसेंबरात आमच्या कॉलेजचं गॅदरिंग होतं. आम्ही चौघींनी ‘मेड इन इंडिया’ बसवलं. घागरे शेजारणींकडून आणले, पेटी किराणा दुकानातून, चहाची. रंगीत तालमीला एका प्राध्यापिकेने पाहिलं आणि गाणं कापलं. कारण दिलं, ‘उत्तान’. त्याच कार्यक्रमात त्या वर्षीच्या सिनेमांतली तीन गाणी झाली, आमच्यापेक्षा कितीतरी धीट. मी धीर करून विचारलं तर उत्तर मिळालं, “ते सिनेमातलं आहे.” म्हणजे कुणी तरी नटी कुणाच्या तरी आवाजावर, कुणा नायकासाठी नाचते, ते चालतं. बाईने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात, स्वतःसाठी नाचणं चालत नाही. चहाची पेटी आम्ही सायकलच्या कॅरियरवर बांधून परत नेली. तीस वर्षं झाली, मला अजून त्या उत्तराचा राग आहे.

पुढची वर्षं कशी भरभरून आली! श्वेता शेट्टी, अनायडा, सुनीता राव, सागरिका, सुचित्रा कृष्णमूर्ती. प्रत्येकीची केसांची तऱ्हा वेगळी, चाल वेगळी, आवाजाचा पोत वेगळा. १९९८ साली फाल्गुनी पाठक आली, शर्ट-पँटमध्ये, आखूड केसांनी, गोड आवाज घेऊन, आणि कुणीही तिला नटायला लावलं नाही. सगळंच काही थोर नव्हतं. पुष्कळ गाणी महिनाभरही टिकली नाहीत, आणि मी ती पुन्हा ऐकायलाही जाणार नाही. पण टीव्ही लावला की गाणारी बाई आपल्याकडे थेट बघायची.

यातलं सगळ्यात मोठं सुख मला आशाताईंनी दिलं. आमच्या सांगलीकडची ही बाई. हेलनच्या कितीतरी वळशांना, कितीतरी उसाशांना वर्षानुवर्षं जिने आवाज पुरवला, ती १९९७ साली लेस्ली लुईसबरोबर ‘जानम समझा करो’ घेऊन आली आणि व्हिडिओत स्वतः दिसली. चौसष्टीच्या उंबरठ्यावर, मिश्कील, साडीत. ज्या आवाजाला आपण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या अंगावर पाहिलं, तो आपल्या माणसाकडे परत आला होता. आईने दुपारची झोप मोडून तो व्हिडिओ पाहिला. घरात पहिल्यांदाच माझ्या चॅनेलला कुणी नाव ठेवलं नाही.

मग ओहोटी लागली. नकली सीड्या रस्त्यावर ढिगाने विकल्या जाऊ लागल्या. कंपन्यांनी पैसा सिनेमाच्या गाण्यांकडे वळवला, वाहिन्यांना नव्या सिनेमांच्या झलकी दाखवण्यात जास्त मिळकत दिसली. मॅग्नासाउंड, जिने ‘मेड इन इंडिया’ काढलं होतं, तीही उरली नाही. आणि आली रिमिक्सची लाट. २००२च्या ‘कांटा लगा’चा मला खूप राग आला होता, आणि लोकांना आला त्या कारणासाठी नव्हे. १९७२च्या ‘समाधी’तलं लताबाईंचं गाणं, ते पुन्हा गायलं तिसऱ्याच मुलीने आणि दिसली शेफाली जरीवाला. गाणाऱ्या त्या मुलीचं नाव कुणी घेतलं? जी वाटणी आम्ही मोडली असं वाटत होतं, ती सात वर्षांत परत आली होती. शेफालीचा काही दोष नव्हता. विशीतली मुलगी, तिने मिळालेलं काम जीव ओतून केलं. जून २०२५ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ती गेली, तेव्हाही बातम्यांनी तिला त्या एका गाण्यातच कोंडून ठेवलं.

आणि २००५ साली ‘बंटी और बबली’त ‘कजरा रे’. गुलजारांचे शब्द, शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत. गळा अलिशाचा, आणि केवढा पिकलेला! दहा वर्षांपूर्वीची अवखळ राणी इथे मेहफिलीतली जाणती बाई झाली आहे. शब्द सोडायची तीच तऱ्हा, पण आता त्यात वजन आहे. फिल्मफेअर पुरस्कार तिला मिळाला. मानधन म्हणून आलेला धनादेश मात्र पंधरा हजारांचा होता, आणि आपण तो घेतला नाही, हे तिने स्वतः उघडपणे सांगितलं. सिंहासनावर बसून पुरुष नाकारणाऱ्या राणीने धनादेश नाकारला, तेव्हा ती गर्विष्ठ झाली असं म्हणणारेही निघाले. गायकांना त्यांच्या गाण्याच्या पुढच्या कमाईत वाटा मिळावा म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१२ साली, आणि त्यासाठी गायकांची संस्था उभी राहिली २०१३ साली. तोवर ‘कजरा रे’ किती हजार मांडवांत वाजून झालं असेल!

चॅनेल व्ही २०१८ मध्ये बंद झालं. आता म्हणे सगळं पुन्हा मोकळं झालं आहे, कुणीही घरी बसून गाणं काढावं. पण मी माझ्या भाच्यांच्या फोनमध्ये बघते तेव्हा पंधरा सेकंदांचे तुकडे असतात. ओठ एकीचे, आवाज दुसरीचा, आणि आवाजवालीचं नाव खाली बारीक अक्षरांत सरकत जाणारं. जुनी गाणी ‘नव्याने’ येतात तीही सिनेमासाठी, नटीच्या चेहऱ्यावर. मुली आज माझ्या तरुणपणापेक्षा कितीतरी मोकळ्या नाचतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या बाईने ती मोकळीक स्वतःच्या चेहऱ्यावर घेऊन दाखवली, टोमणे खाल्ले, तिला त्यांनी ओळखूही नये?

संगीत संपल्यावर, मेंदी वाळत असताना, मी धाकट्या भाचीला जवळ बसवून ‘मेड इन इंडिया’ दाखवलं. दरबार, राणी, परत पाठवलेले पुरुष. पेटी उघडली तेव्हा ती ओरडली, “अगं, हा तर तो धावणारा!” मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारलं, “मावशी, गातेय पण हीच?”

“हीच.”

तिने मेंदीचा हात जपत एका बोटाने नाव टाइप केलं. सगळ्यांत वर ‘कजरा रे’ आलं. चित्रात ऐश्वर्या होती.