वाइन तीच, मग चव वेगळी का?

नाशिकच्या वाइनरीत चव घ्यायला गेलेल्यांपैकी अनेकांना हा अनुभव येतो. शिराझ आणि कॅबर्ने या दोन रेड वाइन नुसत्या चाखल्या, तर शिराझ बरी वाटते. कॅबर्नेने तोंड कोरडे पडते. मग चीजचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घेतला की तीच कॅबर्ने मऊ लागते. वाइन बदललेली नसते, बदल तोंडात झालेला असतो.

रेड वाइन द्राक्षाच्या सालींसह आंबवली जाते. साली आणि बियांमधले टॅनिन तिच्यात उतरते. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, लाळेचे वंगण कमी होते आणि जीभ खरखरीत वाटू लागते. कच्चे केळे, सुपारी किंवा कोरा चहा यांचा तुरटपणा असाच. आयुर्वेद तुरट हा सहा रसांपैकी एक मानतो. आधुनिक शास्त्र त्याला मुख्यतः स्पर्शाची जाणीव समजते. हा तुरटपणा घोटागणिक साठत जातो. म्हणूनच वाइन पारखणारे मध्ये पाणी आणि साधा पाव घेतात, शिवाय घोट थुंकून टाकतात.

चीज किंवा मटणातली प्रथिने आणि स्निग्धांश टॅनिनला अडवतात. चहात दूध घातल्यावर तुरटपणा कमी होतो, तसेच हे. मिठाने कडवटपणा दबतो. गोड पदार्थासोबत मात्र हीच वाइन आंबट लागते. तांबड्या रश्श्याबरोबर तर तोंडाची आग वाढते, कारण मिरचीतले कॅप्सेसिन आणि अल्कोहोल दाहाची जाणीव देणाऱ्या एकाच ग्राहीवर काम करतात.

जेवणाचा परिणाम जिभेवर थांबत नाही. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यातून रक्तात जाते. पोट रिकामे असेल तर ते तिथे झपाट्याने पोहोचते. पोटात अन्न असेल तर जठर सावकाश रिकामे होते. रक्तातली पातळी हळूहळू चढते आणि फार उंच जात नाही.

फसगत होते ती इथेच. घोट मऊ लागतो, नशा उशिरा जाणवते आणि ग्लास पुन्हा भरला जातो. १३ टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. सोबत जेवण असले तरी त्यातले बहुतेक शेवटी यकृतालाच निस्तरावे लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवले. कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ज्या रेसव्हेराट्रॉलचे गोडवे गायले जातात, ते वाइनमध्ये अगदी नगण्य असते. तेव्हा हृदयासाठी म्हणून कोणी वाइन सुरू करू नये.

मधुमेहींनी विशेष जपावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना मद्य घेतल्यास काही तासांनंतरही साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. उपाशीपोटी हा धोका अधिक. घाम, थरथर, बरळणे ही लक्षणे घरच्यांना नशेची वाटतात आणि मोलाचा वेळ जातो. अशा वेळी आधी साखर तपासावी.

घेणाऱ्यांनी किती घ्यायची हे ताटावर बसण्याआधीच ठरवावे. पहिल्या मऊ घोटानंतर तो हिशेब जिभेवर सोपवू नये. आणि त्यानंतर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी, भरपेट जेवण झालेले असले तरीही.