संगणकाचा ताप आणि पेस्टचा पातळ थर



एप्रिल-मे महिन्यांत बिदर, भालकी, आळंद, कलबुर्गी या आपल्या पट्ट्यात ऊन कसे तापते, हे कोणाला सांगायला नको. कलबुर्गीत पारा ४२ अंशांच्याही पुढे जातो. याच दिवसांत संगणक मंदावतात किंवा काम करता करता अचानक बंद पडतात. ‘जुना झाला, नवा घ्या’ असा सल्ला लगेच मिळतो. पण अनेकदा दोष साचलेल्या धुळीचा किंवा वाळून गेलेल्या थर्मल पेस्टचा असतो.

प्रोसेसर हा संगणकाचा मेंदू. तो काम करताना तापतो. त्याची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंकमध्ये जाते आणि पंखा ती हवेत सोडतो. खोलीतली हवा ३० ऐवजी ४२ अंश असेल, तर प्रोसेसरचे तापमानही साधारण तेवढेच, म्हणजे १२ अंशांनी वाढते. फार तापला की तो आपला वेग आपणच कमी करतो. तरीही ताप उतरला नाही, तर संगणक बंद होतो.

मग पेस्ट कशासाठी? आई ज्वारीची भाकरी करते ते आठवा. भाकरीचा जो भाग तव्याला टेकत नाही, तो कच्चा राहतो. प्रोसेसर आणि हीटसिंक डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याची क्षमता तांब्याची सुमारे ४००, अॅल्युमिनियमची सुमारे २३७, तर हवेची अवघी ०.०२६ आहे (एकक : वॅट प्रति मीटर केल्विन). पेस्टची साधारण ४ ते १२ असते. म्हणजे पेस्ट धातूपेक्षा कमीच, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी.

आता एक गणित करू. सूत्र असे : तापमानातील फरक = उष्णता × जाडी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). प्रोसेसर ६५ वॅटचा आणि पृष्ठभाग ३ × ३ सेंमी धरा. वाहकता ४ असलेल्या पेस्टचा थर ०.०५ मिमी असेल, तर फरक सुमारे ०.९ अंश येतो. वाहकता १२ असलेली महागडी पेस्ट घेतली, तर ०.३ अंश. फायदा अर्ध्या अंशाहून थोडा जास्त! पण तीच साधी पेस्ट १ मिमी जाड थापली, तर फरक १८ अंशांवर जातो. म्हणजे किमतीपेक्षा थराचा पातळपणा महत्त्वाचा.

निवड करताना हे लक्षात ठेवा :

१. शाळेच्या व घरच्या संगणकाला वीज न वाहणारी साधी पेस्ट पुरेशी आहे.

२. थर्मल पॅड जाड असतात. जिथे मोठी फट असते तिथे ते उपयोगी, प्रोसेसरवर पेस्टच बरी.

३. ‘लिक्विड मेटल’ उष्णता फार चांगली नेते, पण त्यातील गॅलियम अॅल्युमिनियमला खाते आणि सांडल्यास मदरबोर्डवर शॉर्टसर्किट होते. शाळेत ते नकोच.

४. टूथपेस्टचा प्रयोग करू नये. ती लवकर वाळते.

हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने करू नये. सर किंवा घरातील जाणती व्यक्ती सोबत हवी. आधी वीज बंद करून वायर काढावी आणि पंख्यातील धूळ साफ करावी. पुष्कळदा एवढ्यानेच भागते. हीटसिंक काढलाच, तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावलीच पाहिजे. मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरे, दाबाने तो आपोआप पसरतो.

पालक व विश्वस्त मंडळींना एक विनंती. दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी संगणकांची साफसफाई करून घ्यावी आणि नवा संगणक घेण्याआधी जुन्याचा हीटसिंक एकदा उघडून पाहावा. पेस्टची एक नळी अनेक संगणकांना पुरते. एखादा संगणक जरी असा वाचला, तरी त्या पैशांत वाचनालयात कितीतरी नवी पुस्तके येतील.