कुऱ्हाडीची साक्ष : टॉमस कोल आणि कॅट्सकिलचे अरण्य

तुटलेल्या अरण्याबद्दल शोक करणारा चित्रकार म्हटला की आपण त्याला स्वप्नाळू ठरवून मोकळे होतो. टॉमस कोल (१८०१–१८४८) याच्या चित्रांपुढे हे मत टिकत नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायर या कापडगिरण्यांच्या परगण्यात जन्मलेला कोल १८१८ मध्ये अमेरिकेत आला आणि १८२५ पासून हडसन नदीजवळचे कॅट्सकिल डोंगर रंगवू लागला. त्याच वर्षी हडसन नदीला पंचमहासरोवरांशी जोडणारा ईरी कालवा पूर्ण झाला आणि न्यूयॉर्कच्या व्यापाराला उधाण आले. वाढत्या शहरांना चामडे हवे होते आणि कातडी कमावायला हेमलॉक वृक्षांची साल लागे. साल सोलून घेतली की कित्येक खोडे रानातच कुजत पडत. १८३६ मध्ये छापलेल्या अमेरिकी निसर्गावरील निबंधात कोलने या वृक्षतोडीचे दुःख उघडपणे मांडले.

मात्र त्याची खरी साक्ष चित्रांत आहे. कॅट्सकिल ओढ्याचे एकच दृश्य त्याने अनेकदा रंगवले. त्यांतली दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. १८३७ मध्ये पूर्ण झालेल्या चित्रात काठावर डेरेदार झाडे आहेत आणि त्यांच्याजवळ तान्हे मूल घेऊन आई आहे. १८४३ च्या चित्रात ती झाडे नाहीत. पुढ्यात कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा आहे आणि मागून आगगाडी ओढा ओलांडते आहे. ती रेल्वे सुरू झाल्यावर तोट्यात जाऊन काही वर्षांतच बंद पडली. तिच्यासाठी तोडलेली झाडे मात्र परत आली नाहीत. विकासाचा लाभ अल्पजीवी आणि हानी दीर्घकाळची असू शकते, हे या जोडचित्रांइतके स्पष्ट क्वचितच कुणी मांडले असेल.

यावर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिले चित्र रंगवले गेले तेव्हा रेल्वेसाठी तोड सुरू झाली होती. कोलने ती वगळली. काटरस्किल धबधब्याच्या १८२६ च्या चित्रातून त्याने पर्यटकांचा सज्जाही काढून टाकला. ज्यांना तिथून हुसकावले गेले, त्या मोहिकन आणि मन्सी लोकांना त्याच्या चित्रांत फार तर एखाद्या एकाकी आकृतीपुरती जागा मिळते. शिवाय १८३७ चे चित्र ज्याच्यासाठी काढले, तो जोनाथन स्टर्जेस व्यापारी होता आणि पुढे रेल्वेच्या धंद्यातही उतरला. हे सारे मान्य करावे लागते. मूळवासींची उणीव तर कोणत्याही युक्तिवादाने भरून निघत नाही. पण कोलने केवळ रम्य भूतकाळच रंगवला असता, तर त्याला स्वप्नाळू म्हणणे योग्य ठरले असते. सहा वर्षांनी त्याच जागी परत येऊन त्याने छाटलेली खोडेही रंगवली. दुसऱ्या चित्रामुळे पहिले चित्र आठवण न राहता पुरावा ठरते.

त्या चित्रांनी एकही झाड वाचवले नाही, हेही खरे. १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कॅट्सकिलची सरकारी वने राखीव केली, त्या कायद्यामागे पाण्याची आणि कालव्यांची चिंता मोठी होती, तर कॅट्सकिलच्या समावेशामागे थकीत करांचा वाद होता. त्याचे श्रेय कोलला देता येणार नाही. १८९४ मध्ये राज्याच्या घटनेनेच ही वने कायम अरण्य म्हणून राखण्याचे बंधन घातले. कायदा उरलेले राखतो. गेलेले किती होते, हे आधीच कुणीतरी नोंदवून ठेवावे लागते. म्हणून एखाद्या डोंगरावर रस्ता किंवा नगर उभे राहण्याआधी तिथल्या चित्रकाराला वेडगळ म्हणून हसू नये. त्याची नोंद नसेल, तर पुढच्या पिढीला आपण काय गमावले हे कळणारही नाही.