सुईच्या पलीकडचे घर

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छंदावर एक तरी लेख दरवर्षी असतोच. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी नाणी, कुणी पक्षी पाहतो. मी ज्या छंदाविषयी लिहिणार आहे तो मात्र माझा नाही. तो माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा आहे. माझ्या वाट्याला त्यातला फक्त चहा आला. रविवारी संध्याकाळी पाच कप चहा बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवायचा आणि तबकडीला धक्का न लावता परत यायचे, हे काम मी चौथीत असल्यापासून करीत आले आहे. पण चहा नेणाऱ्यालाही कान असतात. त्या कानांनी जे ऐकले, ते वाचकांपुढे ठेवते.

शिवाजी पेठेतले आमचे घर जुन्या धाटणीचे. खाली दोन खोल्या, वर माळा, पुढे अरुंद बोळ. बाहेरच्या खोलीत एक फिरती तबकडी, आबांनी स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि सागवानी पेटीतला कपाटाएवढा स्पीकर. दर रविवारी इथे पाच जण जमत. आबा एका पतसंस्थेत कारकून. तात्यांच्या म्हशी, ते रात्री कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात. मामा उद्यमनगरात लेथवर. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले. आणि पाचवे अण्णा. त्यांचे घर कुठे, ते करतात काय, हे आम्हांला ठाऊक नव्हते. या 'नव्हते'मध्येच माझा लेख आहे. पण त्याआधी छंदाची ओळख करून द्यायला हवी.

कोल्हापुरात गाणे ऐकण्याची हौस नवी नाही. गायन समाज देवल क्लबची स्थापना १८८३ सालची. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या काळात इथले दरबार गायक होते. खाँसाहेबांचे गाणे तबकडीवर उतरले नाही. पण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे उतरले. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. ज्या गायकीला कोल्हापूरने आसरा दिला ती सूर्यमालेबाहेर पोचली, असे गुरुजी अभिमानाने सांगतात. मग तात्या हमखास म्हणतात, "तिथं सुई कोण बदलणार?"

हिंदुस्थानात व्यापारी ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यात. गौहरजान ही त्या पहिल्या गायिकांपैकी. गाणे संपल्यावर ती आपले नाव इंग्रजीत सांगत असे. मूळ मुद्रणे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, म्हणून ही सोय. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदह इथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. हे नाव सांगण्याचे प्रकरण वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. ती लाखेची असते. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली. म्हणून ती जड आणि काचेसारखी ठिसूळ. एका बाजूला सुमारे ३ मिनिटांचे गाणे. तासभर चालणारा ख्याल गवयांनी या ३ मिनिटांत बसवला. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आली. तिची खाच बारीक, म्हणून तिला सुईही बारीक लागते. बारीक सुई जुन्या तबकडीवर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी खरखर उचलते. जाड सुई लाँग प्लेवर ठेवली तर खाचच खराब होते. यामुळे खऱ्या शौकिनाकडे दोन सुया वेगळ्या असतात आणि घरातल्या कोणालाही त्या दोन्हींना हात लावण्याची परवानगी नसते.

तबकडी योग्य वेगाने फिरते की नाही हे ओळखण्याची युक्ती मला फार आवडते. कागदाच्या गोल चकतीवर कडेने काळ्या रेघा काढायच्या. ७८च्या वेगासाठी ७७. आपल्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त उजळतो. चकती बरोबर वेगात असली की प्रत्येक लखलखीला एका रेघेच्या जागी दुसरी येते आणि फिरणाऱ्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. वेग जास्त असेल तर रेघा पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. हल्लीच्या बऱ्याच एल. ई. डी. दिव्यांत हे नीट दिसत नाही. म्हणून आबांनी बाहेरच्या खोलीतली जुनी ट्यूब काढू दिलेली नाही. आई तिला 'आबांची थोरली लेक' म्हणते.

आवाजावर खोलीचाही परिणाम होतो. शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती यांवरून आवाज उसळून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड, मऊ कापड हा उसळता आवाज शोषून घेते. पुण्या-मुंबईचे शौकीन त्यासाठी भिंतींना खास फळ्या लावून घेतात म्हणे. आमच्याकडे आईच्या हातच्या दोन वाकळा समोरच्या भिंतीवर टांगल्या आहेत. थंडीत त्या अंगावर घ्यायच्या की भिंतीवर ठेवायच्या, यावरून आमच्या घरात दरवर्षी एकदा तरी वाद होतोच.

बैठकीचा एक अलिखित नियम होता. बैठकीत घरचे काढायचे नाही. कुणाच्या मुलाचे लग्न, कुणाचे कर्ज, कुणाचे दुखणे, सारे उंबऱ्याबाहेर. स्पीकरमधली गुणगुण कुठून येते यावर तीन-तीन तास चर्चा चाले. आबांना हा नियम मोठा उदात्त वाटे. "इथं आल्यावर माणूस मोकळा होतो," असे ते म्हणत. मलाही ते पटे. आईला मात्र पटत नसे. "पाच माणसं बारा वर्षं एकत्र बसतात आणि एकमेकांच्या पोरांची नावं ठाऊक नाहीत. ह्याला काय म्हणायचं?" ती विचारी. उत्तर कोणी देत नसे, कारण तोवर गाणे सुरू झालेले असे.

उत्तर २०१९च्या ऑगस्टमध्ये मिळाले. मी तेव्हा नववीत होते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, शहरात नळाला पाणी येईना. अण्णा त्याआधीचे तीन रविवार आले नव्हते. नदीकडच्या गल्ल्यांत पाणी शिरल्याचे कळताच आबांच्या मनात आले, अण्णांच्या रेकॉर्डी! आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली, की अण्णांचे घर कुठे हे चौघांपैकी एकालाही माहीत नाही. त्यांच्या अँप्लिफायरमधल्या व्हॉल्व्हचे नंबर चौघांना पाठ होते. फोन लागत नव्हता. शेवटी तात्यांना आठवले, की शुक्रवार पेठेतला एक दूधवाला अण्णांना ओळखतो. त्याच्याकडून गल्ली कळली.

चौघे ट्रकची हवा भरलेली ट्यूब घेऊन गेले. पुढचे सारे आबांनी सांगितले तसे लिहिते. अण्णांच्या उंबऱ्याशी कमरेएवढे पाणी होते. आत खाटेवर त्यांची आई. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली. काकू पायावर चालणारे शिलाई मशीन दोन्ही हातांनी धरून उभ्या. छपरावर कबुतरांची ढाबळ. आबांनी आत शिरताच विचारले, "अण्णा, रेकॉर्डी कुठायत? पहिल्या कुठल्या काढायच्या?"

अण्णा म्हणाले, "आधी आई. मग मशीन. आमचं घर त्या मशीनवर चालतंय, आबा. आणि कोणीतरी वर जाऊन ढाबळीचं दार उघडा. रेकॉर्डी राहू देत."

पहिल्या खेपेत आजी निघाल्या, दुसऱ्या खेपेत मशीन आणि काकू. गुरुजी वयाचा विचार न करता छपरावर चढले आणि त्यांनी कबुतरे सोडली. तिसऱ्या खेपेला वाट राहिली नव्हती. आबा त्या रात्री जेवले नाहीत. आईने विचारले तर म्हणाले, "बारा वर्षं हा माणूस आपल्या घरात चहा पितोय. त्याची आई खाटेला खिळलीय, हे मला ठाऊक नाही. आणि मी विचारलं काय, तर रेकॉर्डी." रेकॉर्डी गेल्याचे दुःख त्यांना होतेच, पण त्या रात्री ते बोलले नाहीत ते या दुःखाने नव्हे.

पाणी ओसरल्यावर चिखलातून तबकड्या काढल्या. काही तडकल्या, काही वाकल्या, पण बऱ्याच वाचल्या. लाखेच्या तबकडीला साधे पाणी थोड्या वेळात मारत नाही. तिला स्पिरिट मात्र चालत नाही, कारण लाख त्यात विरघळते. आणि उन्हात वाळवली तर ती वाकते. म्हणून सगळ्या आमच्या माळ्यावर सावलीत उभ्या करून वाळवल्या. गाणे शाबूत होते. गेली होती ती कागदाची पाकिटे आणि मधली लेबले. साठ-सत्तर काळ्या तबकड्या, सगळ्या सारख्या, आणि कुणाचेही नाव नाही. १९०२ साली गौहरजान आपले नाव का सांगत होती, हे मला त्या दिवशी समजले.

अशा तबकडीची ओळख पटवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे साच्याचा क्रमांक. लेबलाजवळ तो तबकडीतच उठवलेला असतो. तिरप्या उजेडात भिंग धरले की दिसतो. जुन्या सूचींशी तो ताडून पाहता येतो. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांनी अशा माहितीचे मोठे काम केले आहे. दुसरा मार्ग, जाणत्या कानाने ऐकणे. चौघे जाणते ऐकायला बसले. काही आवाज लगेच कळले, काहींवर वाद झाला.

अण्णांचे कुटुंब तेव्हा आमच्याच घरी होते. काकू आत आईबरोबर भाकऱ्या करीत होत्या. बाहेर वाद पेटला असताना त्या आतूनच म्हणाल्या, "भाऊजी, ती कुडीकरबाईंची. दुसऱ्या ओळीला 'खट्ट' वाजतं बघा, आमच्या धाकट्यानं पाडली होती." सुई दुसऱ्या ओळीशी आली आणि 'खट्ट' वाजले. खोलीत कुणी काही बोलेना. आबांनी उठून दुसरी तबकडी लावली. काकूंनी तीही सांगितली. त्या संध्याकाळी निम्म्याहून अधिक तबकड्यांना त्यांनी नावे परत दिली. पंचवीस वर्षे मशीनवर ब्लाउज शिवताना त्यांनी हे सारे ऐकले होते. त्यांना रागाचे नाव सांगता येत नव्हते. पण कुठली तबकडी कुठे अडखळते, कुठली लावली की अण्णा खुशीत असत आणि कुठली सासूबाईंना झोप येत नसेल तेव्हा लागे, हे सर्व पाठ होते. शौकीन पाच होते असे आम्ही समजत होतो. मोजताना एक माणूस राहून गेला होता. पीठ लागलेल्या हातांनी माझी आई दारात उभी राहून हे पाहत होती. तेव्हा माझ्या मनात आले, कदाचित दोन.

त्यानंतर बैठकीचा नियम बदलला. आता पहिला अर्धा तास घरचा. बैठकही पाळीपाळीने प्रत्येकाच्या घरी भरते, आणि त्यामुळे माणसे नव्याने कळली. मामांच्या परसात मोगऱ्याच्या अकरा कुंड्या आहेत. दिवसभर लोखंडाच्या किसात वावरणारा हा माणूस संध्याकाळी कळ्या मोजतो. तबकडीच्या धुरीचा बारीकसा आवाज त्यांनाच आधी का कळतो, हे त्यांचा लेथ पाहिल्यावर उमगले. गुरुजी पहाटे पेठेतल्या मुलांना मर्दानी खेळातली लाठी शिकवतात. समेवर त्यांची बोटे कधी चुकत नाहीत. तात्या मंगळवार पेठेचे, म्हणून फुटबॉलमध्ये पाटाकडील तालमीचे; आबा खंडोबा तालमीचे. शाहू स्टेडियमवर या दोन संघांचा सामना असेल त्या रविवारी बैठक रद्द करावी लागते, आणि पुढच्या रविवारी हरलेल्याने चहापत्ती आणायची असते. अण्णांची बारा कबुतरे पुरानंतर परत आली. ती कुठे बसतात हे आता आम्हां सर्वांना ठाऊक आहे.

छंद माणसाला मोठा करतो, असे निबंधात लिहिण्याची पद्धत आहे. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. छंद माणसांना एका खोलीत आणतो, एवढेच त्याचे काम. पुढचे काम माणसांनी करायचे असते. आपल्यापैकी कुणी क्रिकेटसाठी जमत असेल, कुणी कवितेसाठी, कुणी नाटकाच्या तालमीसाठी. मित्रहो, एक साधी परीक्षा घेऊन पाहा. तुमच्या कंपूतला एक जण सलग तीन वेळा आला नाही, तर त्याचे घर तुम्हांला सापडेल काय? सापडत नसेल, तर पाणी चढण्याची वाट पाहू नका.

आमच्या भिंतीवरच्या दोन वाकळांपैकी एक यंदाच्या थंडीत खाली आली. आबांनीच काढली आणि घडी करून आईच्या अंथरुणावर ठेवली. आवाज किंचित उसळतो खरा. पण बैठकीत त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.