प्राथमिक शाळेतील मुले आणि प्राणी-साहाय्यित उपचार

प्राणी-साहाय्यित उपचार म्हणजे प्रशिक्षित व आरोग्यतपासणी झालेल्या पाळीव प्राण्याच्या सहवासाचा, निश्चित उद्दिष्ट डोळ्यांपुढे ठेवून, उपचारासाठी केलेला उपयोग होय. वृत्तपत्रांत यासाठी ‘पेट थेरपी’ हा शब्द रूढ आहे. मात्र तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. येथे प्राणी उपचार करीत नाही. उपचार करतो तो मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक; प्राणी हा त्याचा साहाय्यक असतो. घरात आवडीने पाळलेले कुत्रे, अंध व्यक्तीला वाट दाखविणारे कुत्रे आणि उपचारासाठी आणलेले कुत्रे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

इतिहास

आजाऱ्याला छोट्या प्राण्याची सोबत चांगली, असे निरीक्षण फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास नोंदविले होते. मुलांच्या संदर्भात या विचाराला शास्त्रीय रूप दिले ते अमेरिकन बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी. बोलण्यास तयार नसलेला एक मुलगा आपल्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याशी मोकळेपणाने वागू लागतो, हे त्यांना योगायोगाने आढळले. कुत्रा हा ‘सहउपचारक’ ठरू शकतो, असे प्रतिपादन त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी केले. समव्यावसायिकांनी प्रथम त्यांची थट्टाच केली. १९६९ मध्ये या विषयावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९९९ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे मुलांनी कुत्र्याला पुस्तक वाचून दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो अनेक देशांत पसरला.

भारतात या क्षेत्रात आरंभीच्या काळापासून कार्यरत असलेल्या संस्थांमध्ये मानसशास्त्रज्ञ मीनल कविश्वर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘ॲनिमल एंजल्स फाउंडेशन’चा समावेश होतो. मुंबई-पुणे परिसरात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी ही संस्था प्रशिक्षित कुत्र्यांचा उपयोग करते.

प्राण्यांचा सहवास मराठी घराला नवा नाही. दत्ताच्या तसबिरीत गाय आणि चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो, वसुबारसेला गाय-वासराची आणि पोळ्याला बैलांची पूजा होते. मात्र ठाणे-डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत वाढणाऱ्या मुलाने यांपैकी एकाही प्राण्याला हात लावलेला असेलच असे नाही.

वाचनाची भीती आणि ऐकणारा प्राणी

दुसरी-तिसरीतील जे मूल अक्षरे जुळवून अडखळत वाचते, त्याला वाचनापेक्षा वर्गाच्या हसण्याची भीती अधिक वाटते. ‘घर’ला ‘धर’ म्हटले की मागच्या बाकावरून खसखस ऐकू येते. घरी आई-वडील थकून आलेले असतात आणि चूक दुरुस्त करण्याची त्यांना घाई असते. कुत्रा चूक दुरुस्त करीत नाही, घड्याळ पाहत नाही आणि शेजारच्या मुलाशी तुलनाही करीत नाही. या उपक्रमाचे मर्म एवढेच आहे. १९८३ च्या एका अमेरिकन अभ्यासात, खोलीत ओळखीचा नसलेलाही कुत्रा असताना मोठ्याने वाचणाऱ्या मुलांचा रक्तदाब तुलनेने कमी राहिल्याचे दिसले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्राथमिक शाळांत झालेल्या अभ्यासात, खेळण्यांऐवजी गिनीपिग समोर असताना स्वमग्न मुले सोबत्यांशी अधिक बोलली व अधिक हसली.

असे असले तरी बरेचसे अभ्यास थोड्या मुलांवर आणि थोड्या काळापुरते झालेले आहेत. प्राण्यामुळे स्वमग्नता किंवा अध्ययन अक्षमता ‘बरी होते’ असा दावा कोणी केल्यास तो निराधार समजावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत या दोन्हींचा समावेश आहे; त्यांच्यासाठी वेळेवर तपासणी व विशेष शिक्षण यांना पर्याय नाही.

कुटुंबाचा सहभाग

आठवड्यातून एकदा येणाऱ्या प्राण्याचा परिणाम टिकतो की नाही, हे बव्हंशी घरावर अवलंबून असते. कल्याण-डोंबिवलीतील अनेक पालकांचे दिवसाचे तीन-चार तास लोकलच्या प्रवासात जातात. त्यामुळे मुलाचा दिवस आजी-आजोबा, शेजारी किंवा पाळणाघर यांच्या सोबतीने सरतो. मूल कशाला घाबरते, त्याला कोणता स्पर्श सहन होत नाही, केसांची किंवा पिसांची ॲलर्जी आहे काय, हे आईइतकेच आजीलाही माहीत असते. उपचारतज्ज्ञाने तिला विचारावे. मुलाने शाळेत कुत्र्यासमोर वाचलेले पान रात्री आजोबांनी न टोकता ऐकले, तर तो त्याच उपचाराचा विस्तार ठरतो. त्यासाठी घरात प्राणी असलाच पाहिजे असे नाही.

प्राणी पाळायचाच असेल, तर ‘मुलाला जबाबदारी कळावी’ एवढ्यासाठी तो आणू नये. सात वर्षांचे मूल पाण्याचे भांडे भरू शकते. लसीकरण, फिरविणे आणि आजारपण मोठ्यांनाच पाहावे लागते. गृहनिर्माण संस्थांना सदस्यांवर प्राणी पाळण्याची सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पोपट आणि तारा कासव मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असल्याने ते घरी किंवा शाळेत ठेवणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातला पोपट अनेक घरांत आजही दिसतो, ही गोष्ट वेगळी.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. ठाणे महानगरपालिका विशेष मुलांसाठी ‘जिद्द’ ही शाळा चालविते. डोंबिवलीतील ‘पॉज’ ही संस्था जखमी व भटक्या प्राण्यांसाठी कार्य करते; तिचे काम उपचाराचे नसून प्राणिसेवेचे आहे.

धोका आणि दक्षता

उपचारासाठी येणारा कुत्रा ओळखीचा, लसीकरण झालेला आणि सांभाळकर्त्याच्या हाती असलेला असतो. गल्लीतला कुत्रा तसा नसतो. हा फरक मुलाला स्पष्ट शब्दांत सांगितला नाही, तर शाळेत मिळालेले धैर्य रस्त्यावर घातक ठरू शकते. मालकाला विचारल्यावाचून हात लावू नये, खाताना किंवा झोपेत प्राण्याला छेडू नये, त्याला मिठी मारू नये, आणि शेपूट हलते म्हणजे तो खूशच आहे असे मानू नये. शैक्षणिक संस्थांच्या आवारातून भटके कुत्रे हटविण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिले. त्यांचा रोख अशा कुत्र्यांवर आहे.

रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ वाचत नाही. मात्र वेळेवर घेतलेली लस त्यापासून रक्षण करते. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. मुले रागावणीच्या भीतीने ओरखडा लपवितात, आणि खरा धोका येथेच आहे. ‘सांगितलेस तर कोणी ओरडणार नाही’ ही हमी मुलाला चावा होण्याआधीच मिळालेली असावी लागते. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचा विचार करून प्राण्याचे त्या आजाराविरुद्धचे लसीकरणही पाहिले जाते.

प्राण्याचे हित

जांभया देणे, ओठ चाटणे, तोंड फिरविणे ही कुत्र्याच्या ताणाची लक्षणे असून ती दिसताच सत्र थांबविले जाते. त्याला पाणी, विश्रांती व निघून जाण्याची मोकळीक असावी लागते. वय झाल्यावर त्याला कामातून निवृत्त करतात आणि तो सांभाळकर्त्याच्या घरीच राहतो. तो पुढल्या आठवड्यापासून येणार नाही, हे मुलांना आधी सांगितले जाते. काही शाळांत मुले त्याला पत्रे लिहितात. कुत्रा मरण पावल्यास ‘तो गावाला गेला’ असे न सांगता खरे सांगावे, असा बालमानसशास्त्रज्ञांचा सल्ला असतो. कारण गावाला गेलेल्याची मूल वाट पाहत राहते.