माहितीच्या कायद्यातील 'नागरिक' आणि 'व्यक्ती'

शासकीय माहिती-धोरण हा विषय घेऊन जो विद्यार्थी परदेशी विद्यापीठात प्रबंधास आरंभ करतो, त्याच्यापुढे पहिला प्रश्न सिद्धान्ताचा नसून अधिकाराचा असतो. ज्या दप्तराचा अभ्यास करावयाचा, ते मागण्याचा त्याला अधिकार आहे काय? याचे उत्तर बहुधा कायद्यातील एका नामावर अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न विधिशास्त्राइतकाच भाषाभ्यासाचाही आहे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथील १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने सरकारी अभिलेख 'योग्य रीत्या व प्रत्यक्ष संबंध असलेल्या' व्यक्तींनाच खुले केले होते. हा संबंध आहे की नाही हे ठरविणारे अर्थातच खाते. ४ जुलै १९६६ रोजी संमत झालेल्या माहिती-स्वातंत्र्याच्या कायद्याने ती विशेषणे वगळून 'कोणतीही व्यक्ती' असा शब्दप्रयोग केला. परिणामी, पुण्याहून तेथे गेलेला विद्यार्थीही तेथील केंद्रीय खात्याकडे अर्ज करू शकतो. कॅनडाने मधला मार्ग पत्करला. १९८३ मध्ये अमलात आलेला तेथील कायदा प्रथम नागरिक व कायम रहिवासी यांच्यापुरता होता. १९८९ मध्ये तो देशात उपस्थित असलेल्या सर्वांना लागू झाला.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे. १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातील तिसरे कलम हा अधिकार सर्व 'नागरिकांना' देते. या मर्यादेचे मूळ संविधानाच्या शब्दयोजनेत शोधता येते. अनुच्छेद १४ व २१ यांचे संरक्षण 'व्यक्तीला' आहे. अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्य मात्र 'नागरिकांचे' आहे. जाणून घेण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने राज नारायण खटल्यात (१९७५) व त्यानंतरच्या निर्णयांत मुख्यतः या भाषणस्वातंत्र्याशीच जोडला. तेव्हा उगमस्थानीचे नाम प्रवाहाबरोबर पुढे आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

यातून एक नाजूक प्रश्न उद्भवतो. आपल्या विभागात शिकणारा परदेशी विद्यार्थी साहजिकच एखाद्या येथील सहाध्यायाला म्हणतो, 'तुमच्या नावाने अर्ज कराल का?' सहाव्या कलमानुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही. म्हणून असा अर्ज केवळ हेतूच्या शंकेवरून नाकारता येणार नाही. तथापि जे नियमात बसते ते सर्व संशोधनाच्या नीतीतही बसते असे नाही. अभिलेखात नाव राहते ते सहाध्यायाचे. माहिती नाकारली गेल्यास अपील करण्याचे ओझेही त्याच्याच शिरावर येते. अशा वेळी त्याला 'मदतनीस' समजणे अन्यायाचे होय. ती माहिती कोणी, केव्हा व कोणाच्या नावाने मिळविली हे, त्याच्या संमतीने, प्रबंधात स्पष्ट नोंदविले पाहिजे; आणि मार्गदर्शकाने ही व्यवस्था आधीच जाणून घेतली पाहिजे.

अर्जाच्या वाक्यरचनेकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. कायद्यातील 'माहिती' म्हणजे कार्यालयाकडे असलेली सामग्री होय : अभिलेख, टिप्पणी, अभिप्राय, परिपत्रक इत्यादी. नसलेली माहिती निर्माण करण्याचे बंधन कार्यालयावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. म्हणून 'अमुक धोरण का बदलले?' या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही; 'धोरणबदलासंबंधीच्या नस्तीतील टिप्पण्यांच्या प्रती द्याव्यात' या विनंतीला मिळू शकते. संशोधकाचा प्रश्न 'का' हाच असतो. परंतु अर्जात तो 'काय' या रूपात मांडावा लागतो. हा अर्ज महाराष्ट्रात मराठीतही करता येतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

परदेशी विद्यार्थ्याला सर्व दारे बंद आहेत असे मात्र नव्हे. चौथ्या कलमान्वये कार्यालयांनी स्वतःहून प्रसिद्ध करावयाची माहिती, राजपत्रे आणि विधिमंडळातील प्रश्नोत्तरे ही कोणालाही वाचता येतात. त्यांचा कसून अभ्यास झाल्यावरच अर्जाचा विचार करावा. कारण शासन काय सांगते आणि काय मागावे लागते, यांतील अंतर हाच माहिती-धोरणाच्या अभ्यासकाचा खरा विषय होय. आणि ते अंतर कोणासाठी किती आहे, हे 'नागरिक' आणि 'व्यक्ती' या दोन शब्दांच्या निवडीत आधीच ठरलेले असते.