ड्रमविना धडधड

एल्विस प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डवर ड्रम नाहीत. एकही नाही. तरी ती लावली की ठेका अंगात शिरतो, पाय आपोआप हलायला लागतात. मग हा ठेका वाजवतंय कोण?

5 जुलै 1954. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात सॅम फिलिप्स यांचा छोटासा सन स्टुडिओ. एकोणीस वर्षांचा ट्रकचालक एल्विस, गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर बिल ब्लॅक. संध्याकाळभर संथ, हळवी गाणी घोळवून झाली, पण काही जमेना. मग जरा विसावा घेताना एल्विसने निव्वळ मस्ती म्हणून आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं ‘दॅट्स ऑल राइट’ दामटायला सुरुवात केली. बिल साथीला लागला, मागोमाग स्कॉटी. फिलिप्स यांनी आतून विचारलं, हे काय चाललंय? कुणालाच धड सांगता येईना. पुन्हा पहिल्यापासून घ्या, म्हणाले, आणि टेप फिरू लागली. क्रुडप यांच्या 1946 च्या मूळ ध्वनिमुद्रणात ड्रम आहेत. या तिघांकडे ड्रमवालाच नव्हता.

ती उणीव भरून काढली बिल ब्लॅकच्या उजव्या हाताने. उभा बास हे माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुळातलं वाद्य. सिम्फनीत ते बहुतेक गजाने वाजतं. बिल त्याची जाड तार बोटाने ओढून सोडायचा. ती लाकडी पट्टीवर आपटली की ‘टक्’. लगेच तळहाताची थाप, तारा पुन्हा लाकडावर, पुन्हा ‘टक्’. एकाच हातातून खर्जही आणि ठेकाही! शिवाय आपला कान समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर टेकायला सवकलेला असतो. इथे चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर येतो. त्यामुळे गाणं सतत पुढे रेटलं जातंय असं वाटतं.

दुसरी करामत फिलिप्स यांची. घुमणारा मोठा हॉल त्यांच्याकडे नव्हता, पण दोन टेप रेकॉर्डर होते. अशा यंत्रात आवाज टेपवर उतरवणारं हेड आणि तो परत वाचणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. ते कापायला टेपला सेकंदाचा जेमतेम सातवा-आठवा भाग लागतो. तेवढ्या उशिराने येणारा आवाज फिलिप्स मूळ आवाजात मिसळत. गायकाच्या प्रत्येक शब्दामागे त्याची सावली धावू लागली आणि बासची एक टकटक दोन झाली. मला तरी ही विसाव्या शतकातल्या ध्वनिमुद्रणातली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

रॉकबिली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संगीतातली जवळपास प्रत्येक युक्ती अशी गरजेतून आलेली. गायक जॉनी कॅश गिटारच्या तारांत कागदाची घडी खोचायचा, म्हणजे सूर दबून ड्रमसारखी खरखर उमटे. गायक-गिटारवादक कार्ल पर्किन्सची पहिली गिटार वडिलांनी सिगारच्या खोक्याला झाडूचा दांडा जोडून बनवलेली. टेनेसीतल्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या या गोऱ्या पोराला गिटारचे पहिले धडे दिले जॉन वेस्टब्रूक या वयस्क कृष्णवर्णीय शेतमजुराने. डोंगराळ भागातल्या गोऱ्यांची हिलबिली गाणी आणि काळ्या मजुरांचे ब्लूज अशा शेतांत एकमेकांना भेटले. रॉकबिलीचं मूळ ते.

आपल्याकडे रॉकची लाट गाजवली पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी, 1957 च्या ‘आशा’मधल्या ‘ईना मीना डीका’ने. संगीतकार म्हणून त्यांची सुरुवात तमिळ चित्रपटांतून झालेली, आणि ‘आशा’चे दिग्दर्शक एम. व्ही. रामनही मद्रासकडचेच. गाणं झकासच आहे. पण ते भरगच्च वाद्यवृंदाचं आणि कसलेल्या वादकांचं. रॉकबिलीचं भावंड शोधायचं तर मी चेन्नईच्या लोकलमध्ये शिरेन.

आवडी हे चेन्नईच्या पश्चिमेचं, रणगाड्यांच्या कारखान्याचं शहर. तिथून जाणाऱ्या अरक्कोणम मार्गावर कॉलेजची पोरं डब्याचा पत्रा बडवत ‘गाना’ गातात. मुंबई लोकलमधली भजनी मंडळं ऐकलेल्या कुणालाही हा नाद ओळखीचा वाटेल. गाना मूळचा उत्तर चेन्नईतल्या दलित, कष्टकरी वस्त्यांचा. बंदर, गिरण्या आणि रेल्वेत राबणाऱ्यांचा. मयताच्या घरी रात्र जागवताना गायचा तो मरण गाना. साथीला मडकं, डबा, काडेपेटी, टाळ्या, जे हाताशी असेल ते. मेम्फिसशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी नड तीच आणि तोडही तीच, याचं मला फार नवल वाटतं.

दिग्दर्शक पा. रंजित आवडीजवळच्या कर्लपाक्कमचे. 2012 साली त्यांच्या पहिल्याच ‘अट्टकत्ती’ चित्रपटात गायक गाना बाला यांचा आवाज दणाणला. पुढे संगीतकार तेनमा यांच्यासोबत त्यांनी ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा केला. जानेवारी 2018 मध्ये चेन्नईत त्याचा पहिला जलसा झाला. गाना, रॉक आणि रॅप एकाच मंचावर, आणि गाण्यांत आरक्षण, जात, आंबेडकर. भीमगीतांवर वाढलेल्या मराठी माणसाला भाषा कळली नाही तरी त्यातला आवेश कळेल. इथे गाना गाणारे मंचाच्या मध्यभागी, स्वतःच्या नावानिशी उभे असतात. ही गोष्ट मला त्यांच्या संगीताइतकीच मोलाची वाटते.

क्रुडप यांच्या वाट्याला हे आलं नाही. त्यांच्या गाण्यावर एल्विसची कारकीर्द उभी राहिली आणि ते स्वतः रॉयल्टीसाठी झगडत 1974 साली गेले. म्हणून विनंती एवढीच, की ‘दॅट्स ऑल राइट’ ऐकायला घ्याल तेव्हा आधी त्यांचं लावा, एल्विसचं मागाहून.